समाजमाध्यमांवरील दिशाभूल आणि राजकीय दुफळी: वर्गात चिकित्सक विचार कसा शिकवावा?

आपल्या प्रश्नाचा गाभा असा आहे की माध्यमिक व उच्च माध्यमिक वर्गांतील मुले समाजमाध्यमांवरील खोट्या आणि भडकाऊ मजकुराला सहज बळी पडतात, वर्गात राजकीय तट पडू लागले आहेत, आणि अशा स्थितीत चिकित्सक विचार शिकवता येतो का, येत असल्यास कसा, आणि शिक्षकावर पक्षपाताचा ठपका न येता ते कसे साधावे. शिक्षक-प्रशिक्षणात हा विषय मी दीर्घकाळ हाताळत आलो आहे. त्या अनुभवातून आणि उपलब्ध संशोधनातून जे ठामपणे म्हणता येते, तेवढेच येथे मांडतो.

चिकित्सक विचार शिकवता येतो. मात्र तो सर्रास ज्या रीतीने शिकवला जातो, म्हणजे ‘कशावरही पटकन विश्वास ठेवू नका, प्रत्येक गोष्टीवर शंका घ्या’ अशा उपदेशाच्या रूपात, त्या रीतीने हाती फारसे काही लागत नाही आणि कधी कधी नुकसानही होते. शंका घेणे मुलांना आधीपासूनच उत्तम येते, पण ती त्यांनी विरुद्ध बाजूच्या मजकुरासाठी राखून ठेवलेली असते. आपल्या गटाचा अभिमान बाळगणारा मुलगा दुसऱ्या गटाच्या व्हिडिओतील प्रत्येक त्रुटी शोधून काढतो, स्रोत विचारतो, काटछाटीच्या खुणा दाखवतो, आणि त्याच दिवशी आपल्या गटाची धडधडीत बनावट पोस्ट न तपासता पुढे पाठवतो. म्हणून या शिक्षणाचा कणा मी एकच मानतो: तपासणीची सवय सर्वप्रथम स्वतःला आवडलेल्या, पटलेल्या आणि सुखावणाऱ्या मजकुराला लावायला शिकवणे. बाकीची तंत्रे त्यानंतर येतात.

या म्हणण्याला चांगला प्रायोगिक आधार आहे. चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मृत्युदंडाचे समर्थक आणि विरोधक अशा दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांना दोन अभ्यास वाचायला दिले होते. मृत्युदंडामुळे खुनांना आळा बसतो असा एकाचा निष्कर्ष होता, तर बसत नाही असा दुसऱ्याचा. दोन्ही बाजूंचा पुरावा समोर आल्यावर मते थोडी तरी मधे सरकतील अशी अपेक्षा कोणीही केली असती. प्रत्यक्षात प्रत्येकाला आपल्या बाजूचा अभ्यास अधिक काटेकोर वाटला, दुसऱ्यातील दोष ठळक दिसले, आणि वाचून झाल्यावर आपले मत अधिकच पक्के झाल्याचे त्यांनी सांगितले. शिक्षकाच्या दृष्टीने याहून मोलाचा प्रयोग १९८४ चा आहे. त्यात लॉर्ड, लेपर आणि एलिझाबेथ प्रेस्टन यांनी काही जणांना शक्य तितके निःपक्षपाती राहण्याची सूचना दिली. इतरांना मात्र असे सांगितले की, हाच अभ्यास याच पद्धतीने झाला असता पण त्याचा निष्कर्ष उलट आला असता, तर आपण त्याचे मूल्यमापन असेच केले असते का, हा प्रश्न पायरीपायरीवर स्वतःला विचारा. पहिल्या सूचनेचा उपयोग झाला नाही, तर दुसरीने पूर्वग्रहाचा प्रभाव कमी झाला. यात नवल वाटण्याचे कारण नाही, कारण आपण निःपक्षपाती आहोतच अशी बहुतेकांची खात्री असते, त्यामुळे तसा उपदेश ऐकून मान डोलावण्यापलीकडे त्यांना काही करावे लागत नाही.

वर्गात हाच प्रश्न अदलाबदलीच्या रूपाने राबवता येतो. एक पोस्ट तयार करावी, तिच्यात एखाद्या गटाच्या वर्तनाबद्दल दावा असावा, आणि तिच्या दोन प्रती काढाव्यात. मजकूर, छायाचित्र, आकडे सारे तेच, केवळ गटांची नावे उलटी. अर्ध्या वर्गाला एक प्रत आणि उरलेल्या अर्ध्याला दुसरी देऊन ‘हा दावा किती विश्वसनीय आहे, यात कोणता पुरावा कमी आहे’ एवढेच लिहायला सांगावे, आणि नंतर दोन्ही बाजूंचे कागद शेजारी ठेवून मोठ्याने वाचावेत. आपण काय केले हे मुलांना मग सांगावे लागत नाही. हा सराव करताना दोन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. खरे पक्ष, जाती, धर्म यांची नावे सुरुवातीला वापरू नयेत, क्रीडासंघ किंवा काल्पनिक विद्यार्थी-गट पुरेसे असतात. आणि पोस्ट बनावट होती हे त्याच तासात उघड करावे, नाहीतर तिचा स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत खरी बातमी म्हणून फिरू लागेल.

यानंतर मुलांना दिशाभुलीची यंत्रणा समजावून द्यावी, कारण आपल्याशी कोण कसे वागत आहे हे कळल्याशिवाय सावधपणाला आधार मिळत नाही. सोरूश वोसूघी, देब रॉय आणि सिनान अराल यांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार खऱ्या-खोट्या बातम्यांचा प्रवास तपासला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक होती, आणि १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागत होता. स्वयंचलित खात्यांनी दोन्ही प्रकारच्या बातम्यांना सारखाच वेग दिला, म्हणजे फरक माणसांच्या निवडीमुळे पडला. निवडीमागे काय असते याचा एक धागा विल्यम ब्रॅडी आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात मिळतो. राजकीय विषयांवरील ट्वीटमध्ये नैतिक संताप किंवा तत्सम भावना व्यक्त करणारा प्रत्येक अधिकचा शब्द त्या ट्वीटचा प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढवत होता. स्टीव्ह रॅथ्जे, जे व्हॅन बॅव्हल आणि सँडर व्हॅन डर लिंडेन यांनी २०२१ मध्ये अमेरिकेतील वृत्तमाध्यमांच्या व लोकप्रतिनिधींच्या पोस्ट तपासल्या तेव्हा विरोधी गटाचा उल्लेख करणाऱ्या प्रत्येक शब्दामागे पोस्ट पुढे पाठवली जाण्याची शक्यता सुमारे ६७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ‘त्यांच्याविषयी’ लिहिले की खपते, हे लिहिणाऱ्यालाही कळते आणि अल्गोरिदमलाही.

या ठिकाणी मी नेहमी ह्यूस्टनचे उदाहरण घेतो. २१ मे २०१६ रोजी अमेरिकेतील या शहरात एका इस्लामी केंद्राबाहेर दोन जमाव समोरासमोर उभे राहिले. एक जमाव ‘हार्ट ऑफ टेक्सास’ या फेसबुक पानाच्या हाकेवरून ‘इस्लामीकरण’ रोखण्यासाठी आला होता, दुसरा ‘युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका’ या पानाच्या हाकेवरून त्याला विरोध करण्यासाठी. ही दोन्ही पाने रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील ‘इंटरनेट रिसर्च एजन्सी’ ही एकच संस्था चालवत होती, हे नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकी सिनेटच्या गुप्तवार्ता समितीसमोर उघड झाले. त्यासाठीच्या जाहिरातींचा खर्च अवघा २०० डॉलरच्या आसपास होता. या उदाहरणाचे शैक्षणिक मोल असे की त्यात कोणताही एक गट मूर्ख ठरत नाही. रस्त्यावर उतरलेल्या दोन्ही बाजूंच्या माणसांची भावना खरी होती, तिचा वापर करणारा तिसराच होता. मुले इतके समजली की त्यांना विचारावे: आज तुम्हाला सर्वांत जास्त चीड कोणत्या पोस्टमुळे आली, आणि तुमच्या चिडण्याचा फायदा कोणाला?

चिडीची जाणीव होणे आणि बोट थांबणे या दोन गोष्टींत अंतर आहे, ते सरावानेच भरते. गॉर्डन पेनीकुक, डेव्हिड रँड आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवले की अनेक जण खोटी बातमी खरी मानतात म्हणून पाठवतात असे नाही; पाठवण्याच्या क्षणी अचूकतेचा विचारच त्यांच्या मनात नसतो. एखाद्या असंबद्ध मथळ्याच्या अचूकतेविषयी एक साधा प्रश्न आधी विचारला, तर त्यानंतर पाठवल्या जाणाऱ्या बातम्यांचा दर्जा सुधारतो. परिणाम फार मोठा नसतो, पण वर्गात रोज वापरता येण्याइतका स्वस्त उपाय दुसरा मला माहीत नाही.

आता तपासणीचे तंत्र. शाळांतून वाटल्या जाणाऱ्या बहुतेक तपासणी-याद्या एकाच पानाकडे टक लावून पाहायला शिकवतात: रचना व्यावसायिक आहे का, शुद्धलेखनाच्या चुका आहेत का, ‘आमच्याविषयी’ हा विभाग आहे का, संदर्भ दिले आहेत का. या खुणा आज कवडीमोलाच्या आहेत, कारण दिशाभूल करणारा नेमके हेच सारे सजवून ठेवतो, आणि निर्दोष भाषा तर आता यंत्रच लिहून देते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी यांना संकेतस्थळे पारखायला दिली. त्यात एक जोडी होती. ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स’ ही १९३० पासूनची, ६० हजारांहून अधिक सदस्य असलेली बालरोगतज्ज्ञांची संघटना, आणि ‘अमेरिकन कॉलेज ऑफ पेडिॲट्रिशियन्स’ हा २००२ मध्ये समलिंगी जोडप्यांच्या दत्तकाधिकाराच्या वादातून वेगळा झालेला छोटा गट. निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना फुटीर गटाचे पान अधिक विश्वासार्ह वाटले, आणि कागदपत्रे पारखण्यात आयुष्य घालवलेले काही इतिहासकारही गोंधळले. तथ्यतपासनीस मात्र फसले नाहीत, कारण ते त्या पानावर थांबलेच नाहीत. त्यांनी काही क्षणांत नवे टॅब उघडले आणि त्या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात ते पाहिले.

हे आडवे वाचन शिकवणे सोपे आहे, फक्त ते शिक्षकाने पडद्यावर प्रत्यक्ष करून दाखवावे लागते आणि करताना मनातले विचार मोठ्याने बोलावे लागतात. माइक कॉलफील्ड यांनी त्याची चार पायऱ्यांत बांधणी केली आहे: थांबा, स्रोत कोण आहे ते पाहा, त्याच विषयावरचे अधिक चांगले वृत्तांकन शोधा, आणि अवतरण, चित्र किंवा आकडा मूळ ठिकाणी कसा होता तिथपर्यंत जा. छायाचित्रांच्या बाबतीत चौथी पायरी सर्वांत फलदायी ठरते, कारण दिशाभूल करणारी बहुसंख्य चित्रे बनावट नसतातच. ती खरी, पण दुसऱ्या गावची आणि दुसऱ्या वर्षाची असतात. एका तपासणीला तीन मिनिटांची मर्यादा घालावी. एवढ्या वेळात उलगडा झाला नाही तर पोस्ट पुढे न पाठवणे हाही योग्य निर्णय आहे, हे मुलांना स्पष्ट सांगावे.

प्रचाराच्या क्लृप्त्या आधीच ओळखून ठेवल्या तर त्यांचा परिणाम घटतो, हा विल्यम मॅकग्वायर यांनी १९६० च्या दशकात मांडलेला प्रतिबंधक लशीसारखा विचार आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी अलीकडे त्याला पुन्हा चालना दिली. त्यांनी २०२२ मध्ये लहान व्हिडिओंद्वारे पाच क्लृप्त्या शिकवून पाहिल्या: भावना भडकवणारी भाषा, परस्परविसंगत युक्तिवाद, दोनच पर्याय असल्याचा आभास, एखाद्या गटाच्या माथी सारे खापर फोडणे, आणि मुद्दा सोडून व्यक्तीवर हल्ला. क्लृप्ती ओळखण्याची क्षमता त्यामुळे वाढली. मुलांनी या क्लृप्त्या वापरून स्वतः एखादी निरुपद्रवी जाहिरात लिहिली की त्या अधिक पक्क्या लक्षात राहतात.

पण येथेच सावध राहावे लागते. न्यूयॉर्कमध्ये १९३७ साली स्थापन झालेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर प्रोपगंडा ॲनालिसिस’ने प्रचाराच्या सात युक्त्यांची यादी शाळांतून शिकवली होती, तेव्हाही यातून मुले सर्वच गोष्टींवर अविश्वास ठेवू लागतील अशी टीका झाली. ती टीका पोकळ नव्हती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका, पोलंड आणि हाँगकाँग येथे केलेल्या प्रयोगांत असे आढळले की माध्यमसाक्षरतेसारखे प्रचलित उपाय खोट्या माहितीवरील विश्वास कमी करतात, परंतु त्याबरोबर खऱ्या माहितीवरचाही विश्वास घटतो. सारेच खोटे असू शकते असे मानणारा समाज लबाडाच्या सोयीचा असतो. रॉबर्ट चेस्नी आणि डॅनिएल सिट्रन या कायदेतज्ज्ञांनी दाखवून दिले आहे की बनावट व्हिडिओंची चर्चा जितकी वाढते, तितके खऱ्या ध्वनिमुद्रणात पकडला गेलेला माणूसही ‘हे बनावट आहे’ असे म्हणून सुटू शकतो. त्यामुळे सरावासाठी दिलेल्या मजकुरात किमान निम्मा मजकूर खरा असावा, त्यातही काही दावे प्रथमदर्शनी अविश्वसनीय वाटणारे पण खरे असावेत, आणि विश्वास कोठे ठेवता येतो हेही तितक्याच वेळ शिकवावे. चूक झाल्यावर दुरुस्ती छापणारे, कच्ची माहिती खुली ठेवणारे, आपल्या दाव्याची मर्यादा सांगणारे स्रोत कसे ओळखावेत, यावर मी निदान दोन तास देतो. आणखी एक बारीक गोष्ट: खोटा दावा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहू नका आणि तो वारंवार उच्चारू नका. पुन्हा पुन्हा ऐकलेले विधान केवळ ओळखीमुळे खरे वाटू लागते, हे १९७७ पासून प्रयोगांनी सिद्ध होत आले आहे.

राजकीय दुफळीचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे, कारण तेथे माहिती खोटी असतेच असे नाही. समोरच्या माणसाचे चित्र खोटे असते. ‘मोअर इन कॉमन’ या संस्थेच्या २०१९ च्या अमेरिकेतील पाहणीत दोन्ही पक्षांच्या समर्थकांना विरोधी पक्षात टोकाची मते असणारे लोक प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट आहेत असे वाटत होते, आणि समाजमाध्यमांवर राजकीय मजकूर पाठवणाऱ्यांचा अंदाज अधिकच चुकलेला होता. वर्गात हा प्रयोग सहज करता येतो. एखाद्या प्रश्नावर गुप्त मते घ्यावीत, ‘विरुद्ध बाजूचे किती जण टोकाचे विधान मान्य करतील’ याचा अंदाज लिहायला सांगावा, आणि मग खरा आकडा दाखवावा.

वादविवाद स्पर्धा हे यावरचे औषध आहे असे अनेकांना वाटते, मला तसे वाटत नाही. स्पर्धेत जिंकण्यासाठी पुरावा निवडून वापरायला शिकवले जाते, आणि ते काम समाजमाध्यमे आमच्यापेक्षा चांगले करतात. डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या बंधूंनी विकसित केलेली संरचित वादाची पद्धत अधिक उपयुक्त आहे. तीत चार विद्यार्थ्यांच्या गटातील दोघे एक बाजू मांडतात, दोघे दुसरी; त्यानंतर बाजू बदलतात आणि समोरच्यांचा युक्तिवाद त्यांना मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे मांडतात; शेवटी बाजू सोडून चौघे मिळून एक निवेदन लिहितात. निवेदनात आपला मतभेद वस्तुस्थितीविषयी आहे की मूल्यांविषयी, हे नोंदवणे मी सक्तीचे करतो. असंख्य भांडणांत मुलांना प्रथमच जाणवते की आकड्यांवर आपले एकमत आहे, स्वातंत्र्य मोठे की सुरक्षितता यावर नाही.

पक्षपाताच्या आरोपाचे उत्तरही याच भेदात आहे. वस्तुस्थितीच्या प्रश्नावर शिक्षकाने मागेपुढे पाहू नये. छायाचित्र जुने असेल तर ते जुने आहे, मग ते कोणाच्याही सोयीचे असो. मूल्यांच्या प्रश्नावर स्वतःचे मत सांगू नये, विचारले तरी. उदाहरणे सर्व बाजूंची घ्यावीत आणि त्यांची लेखी नोंद ठेवावी, म्हणजे पालकांनी विचारल्यास दाखवता येते. क्रमही महत्त्वाचा आहे: आधी जाहिराती आणि आरोग्यविषयक दावे, मग इतिहासातील प्रचार, मग दूरच्या देशाचे राजकारण, आणि सवय मुरल्यावरच आपल्या दाराशी आलेले वाद. पहिल्याच तासाला ताज्या निवडणुकीला हात घालणारा शिक्षक मुलांना तपासणी शिकवण्याआधीच बचावाच्या पवित्र्यात ढकलतो.

एका दिवसाच्या कार्यशाळेने हे होणार नाही, याबाबत मी आग्रही आहे. सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये केलेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सुमारे १,२०० प्रौढांपैकी काहींना तासाभराचे समोरासमोर प्रशिक्षण दिले गेले. खोटी माहिती ओळखण्याच्या क्षमतेत त्याने सरासरीने लक्षणीय फरक पडला नाही, आणि एका पक्षाच्या समर्थकांत तर आपल्या बाजूच्या खोट्या बातम्या ओळखण्याची क्षमता घटलेली दिसली. त्याच राज्यात नंतर बद्रीनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५८३ गावांतील १३,५०० हून अधिक शाळकरी मुलांना घेऊन प्रयोग केला, आणि त्यांतील काहींसाठी ग्रंथालयांतून काही महिने चालणारी, गृहपाठासह असलेली सत्रे घेतली. त्यांचा परिणाम चार महिन्यांनंतरही टिकून होता, आणि वर्गात न आलेल्या पालकांपर्यंतही तो झिरपला. वेगळा विषय म्हणून जागा नसेल तर गणितात फसव्या अक्षाचे आलेख, भाषेत रंगवलेली विशेषणे, इतिहासात स्रोतपरीक्षण असे हे काम वर्षभर विखरून घेता येते.

घरातल्या मोठ्यांनी पाठवलेल्या खोट्या मजकुराचे काय करावे, असे मुले हमखास विचारतात. दुरुस्ती केल्याने माणूस उलट हट्टाला पेटतो, ही समजूत २०१० च्या एका अभ्यासावरून फार पसरली. पण थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी १०,००० हून अधिक लोकांवर ५२ विषयांत तपासले तेव्हा तसे होताना जवळजवळ आढळलेच नाही. दुरुस्ती करावी, मात्र चारचौघांच्या ग्रुपमध्ये नव्हे तर खाजगीत, आणि ‘हे खोटे आहे’ एवढ्यावर न थांबता खरे काय ते सांगून.

मूल्यमापन कसे करावे हे आपण विचारलेले नाही, पण बहुतेक उपक्रम तेथेच फसतात. व्याख्या विचारणारी प्रश्नपत्रिका येथे निरुपयोगी आहे. न पाहिलेल्या वीसेक पोस्ट द्याव्यात, इंटरनेट वापरू द्यावे, आणि निर्णयाबरोबर तपासणीचा मार्ग लिहायला सांगावा. त्यातून तीन आकडे काढावेत: किती खोट्या पोस्ट खऱ्या मानल्या, किती खऱ्या पोस्ट खोट्या ठरवल्या, आणि स्वतःच्या बाजूच्या व विरुद्ध बाजूच्या पोस्ट तपासण्यात किती फरक राहिला. हीच चाचणी नव्या पोस्ट घेऊन तीन-चार महिन्यांनी पुन्हा घ्यावी. पहिला आकडा खाली आला पण दुसरा वर गेला, तर सरावात खरा मजकूर वाढवावा लागेल. पहिले दोन्ही सुधारले आणि तिसरा जागच्या जागी राहिला, तर पुढचे सत्र नवीन तंत्रांवर न घालवता अदलाबदलीच्या सरावाला द्यावे, आणि या वेळी काल्पनिक गटांऐवजी मुलांना खरोखर जवळचे वाटणारे गट घ्यावेत.